हॉइटच्या खिडकीतली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मासे धरायची नव्हे हं! शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरच्या खिडकीला काच नसते. तिथं मी असते, म्हणजे गाडी उलटली तरी त्याचा हात बाहेर फेकला जात नाही.

अमेरिकेत, कॅरोलायनातल्या मोज्यांच्या गिरणीत शिवणकाम करणाऱ्या व्हर्निसनं मला जाड नायलॉनच्या पट्ट्यांतून शिवलं, नवऱ्यासाठी. माझा एकही टाका अजून उसवलेला नाही. आजकालच्या जाळ्यांनी हे ऐकून ठेवावं.

हॉइट लेडबेटर दर शनिवारी गाडी पळवायचा. आमच्यात रीत आहे: गाडी धडकली, की ड्रायव्हरनं आतून जाळी सोडायची. जाळी खाली आली म्हणजे माणूस शाबूत. हॉइट तर मला असा भिरकावायचा, जणू भिंतच हरली! व्हर्निस शर्यत बघतच नसे, मला बघायची. मी खाली आले, की मगच तिचा घास गिळला जाई.

चषक आले, वर्तमानपत्रात हॉइटचे फोटो आले. माझा कुणी काढला नाही. वर्षं सरली, त्याच्या मिशा पिकल्या, मला वर अडकवून ठेवणारी खिटी झिजली.

"खिटी बदल, हॉइट," व्हर्निस म्हणायची.

"अगं, हिच्यावरच एवढे चषक जिंकले. बदलली तर नशीब रुसेल."

"नशिबाची समजूत काढता येते. मी रुसले तर काय करशील?"

तो हसायचा. खिटी तशीच राहिली.

मग एका शनिवारी शेवटच्या वळणावर आमची आणि आणखी एक अशा दोन गाड्या एकमेकींत अडकून भिंतीवर आदळल्या. त्या हिसक्यानंच खिटी निसटली आणि मी आपसूक खाली लोंबले. टाळ्यांचा कडकडाट झाला! मदतीची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे वळली. इकडे हॉइटची मान छातीवर पडलेली आणि पुढून धूर येऊ लागलेला. मला जीभ असती तर!

व्हर्निस ताडकन उठली. "ही त्यानं सोडलेली नाही!"

"वहिनी, जाळी खाली आहे ना? बसा," दीर डेल्बर्ट म्हणाला.

"बस काय बस! तुझा भाऊ भिरकावतो, मेल्या! ही नुसती गळालीय. हात कुठाय त्याचा?"

ती पायऱ्या उतरून कुंपणाला भिडली. तारा गदागदा हलवत एवढी ओरडली, की मदतीची गाडी मागं फिरली. हॉइटला बाहेर ओढलं आणि मागोमाग गाडीनं पेट घेतला. मीही एका कडेला होरपळले.

दवाखान्यात शुद्धीवर येताच तो पुटपुटला, "जाळी सोडली होती ना मी?"

"नाही," ती म्हणाली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली. त्यानंतर त्यानं गाडीला हात लावला नाही.

आता व्हर्निसच्या परसात माझ्यावर काकडीचा वेल चढलाय. तक्रार नाही, वेल निदान हळू तरी चालतो.

मित्रांनो, चषक पुसायला सगळे धावतात, खिटीकडे कोण बघतं? तुम्ही बघा. आणि कुणी ठीक आहे असं नुसतं दिसलं, की टाळ्या वाजवून मोकळे होऊ नका. जवळ जाऊन विचारा.