वहीतल्या सह्या

त्या खानावळीत तीस वर्षं तपासणी एकच होती, सासूबाईंचं नाक. रात्री उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, थंडीने म्हणे चव मरते. पातेलं ओट्यावरच झाकून ठेवायचं. सकाळी सासूबाई झाकण उचलणार, वास घेणार, मान हलवणार, की त्यात ताजा रस्सा मिसळायचा. दुसऱ्या कोणी त्या झाकणाला हात लावायची सोय नव्हती.

रोज अन्नाचं तापमान मोजून वहीत सही करायचा नवा सरकारी नियम आला तेव्हा प्रशिक्षणाला धाडलं सुनेला. घरात शिकलेली तीच ना! तिने रश्श्यासाठी थर्मामीटर आणला, तर सासूबाई म्हणाल्या, "ताप रश्श्याला आलाय की तुला?" सगळे हसले, सूनही हसली. तपासणीच्या वहीत रोज सही मात्र तिची.

पुढे सासूबाईच तापाने पंधरा दिवस आजारी पडल्या. उठल्या त्या पूर्वीच्याच ठसक्यात. पण एका सकाळी त्यांच्या पाठीमागे दूध करपलं, वास पार बाहेरच्या बाकांपर्यंत गेला, आणि या आपल्या पीठ मळताहेत. सुनेनेच धावत जाऊन गॅस बंद केला.

"आईंना वास येत नाही," तिने नवऱ्याला सांगितलं.

"ठाऊक आहे मला." तो कांदे चिरत राहिला. "तिच्याकडे तेवढाच मान उरलाय. तो काढून घेऊ? तू सही करत जा."

आणि ती मूग गिळून बसली. तिला गरीब गाय वगैरे म्हणू नका. दोन महिने रोज सही ठोकत होती.

रविवारी जेवून गेलेली अकरा माणसं इस्पितळात पोचली. त्यात सात वर्षांची एक मुलगी, ती अजून डोळे उघडत नव्हती.

सोमवारी सकाळीच निरीक्षक आला. पातेल्याचं झाकण काढताच त्याने नाकाला रुमाल लावला. "आजी, हा वास तुम्हाला कळला नाही?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मला दोन महिने वासच येत नाही."

मग सुनेकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "मान हलवायचे ती सवयीने गं. चारचौघांत कसं सांगणार? पण वहीत रोज तुझी सही दिसायची. म्हटलं, पोर शिकलेली आहे, माझ्यामागे त्या काडीने मोजून घेत असेल. त्याच भरवशावर वाढत होते मी."

"कुठे आहे थर्मामीटर?" निरीक्षकाने विचारलं.

सुनेने खण उघडला. तो अजून दुकानातल्या पाकिटातच होता.