कासवकाकांचा मुक्काम

फोन आला तेव्हा लामदुआन शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती. पलीकडून इमिग्रेशन कचेरीतलं कुणीतरी बोलत होतं. बायकोच्या नात्यावर आणखी वर्षभर देशात राहू द्यावं असा तिच्या नवऱ्याचा अर्ज होता ना, त्याची चौकशी करायला उद्या सकाळी अधिकारी घरी येणार. घर बघणार, दोघांचे फोटो काढणार. आणि शेजारपाजारचा एक साक्षीदार हजर हवा.

"साक्षीदार आहेत की! आमचे सरपंच. दरवर्षी तेच येतात."

"मग उद्या त्यांना बोलावून ठेवा," असं म्हणून फोन ठेवलासुद्धा.

आणि मग लामदुआनच्या डोक्यात प्रकाश पडला, की सरपंच गावात नाहीतच. मोतीबिंदू काढायला खोन केनच्या मोठ्या इस्पितळात गेलेत. उद्या आले तरी डोळ्यावर पट्टी बांधलेला साक्षीदार काय कामाचा?

ती सुई तशीच टोचून परसात गेली. नवरा दुधीच्या वेलाला मांडव घालत होता. त्याचं नाव तौनो, गाव फिनलंडातलं. इथल्या लोकांच्या तोंडात ते नाव 'ताओ'च्या पुढे सरकेना, आणि इथल्या भाषेत ताओ म्हणजे कासव. त्यातून हा माणूस चालायचा सावकाश, बोलायचा त्याहून सावकाश. झालं! लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याचा कासवकाका झाला, तो कायमचा.

"अहो, उद्या साहेबलोक येतायत. घर बघायला."

"बरं," तौनो म्हणाला आणि सुतळीची गाठ आवळली.

"बरं काय बरं! सरपंच नाहीत. साक्षीदार कुठून आणू?"

तौनोने नुसती कुंपणाकडे मान वळवली.

कुंपणापलीकडे थोंगबाई राहायची. दुसऱ्या अंगाला तळं होतं आणि मागे भाताची खाचरं, त्यामुळे शेजार म्हणावा असा तो एवढाच. आणि नेमका त्याच घराशी लामदुआनचा अबोला होता. मागे विहारातल्या पंगतीला लामदुआनने बांबूच्या कोंबांचा रस्सा नेला होता. थोंगबाई भर पंगतीत म्हणाली, "अगं, हा रस्सा जेवायला आणलास, की हात धुवायला?" सगळी पंगत हसली. थोरले भिक्खूसुद्धा पात्रात बघत गालातल्या गालात हसले, असा लामदुआनला अजून संशय होता.

"मी सांगतो तिला," तौनो म्हणाला.

"तुम्ही? तुम्ही कधीपासून बोलायला लागलात तिच्याशी?"

तौनोने कान खाजवला आणि दुसरी गाठ मारायला घेतली.

मुदत संपणं म्हणजे काय, हे लामदुआनला कुणी शिकवायला नको होतं. तरुणपणी गावातल्या बायकांबरोबर तीही फिनलंडला रानातली फळं तोडायच्या कामाला गेली होती. एकदा बादली भरायच्या नादात जंगलात वाट चुकली. हाका मारून घसा बसला, तेव्हा भीती वाटू नये म्हणून तिने गाणं म्हणायला सुरुवात केली. त्या आवाजाच्या रोखाने झाडं बाजूला सारत आला तो तौनो. तो मजुरांची गाडी चालवायचा. पुढे हंगाम संपला, परवाना संपला आणि तिला विमानात बसावं लागलं. विमानतळाच्या काचेपलीकडे तौनो हातही न हलवता खांबासारखा उभा होता. तो खांब हिवाळ्यात स्वतःहून इकडे आला आणि राहिला, ही गोष्ट वेगळी. पण तो मधला काळ तिला पुन्हा नको होता.

तिने झाडाची केळी तोडली आणि कुंपणाला वळसा घालून थोंगबाईच्या दारात गेली.

थोंगबाई पायरीवर बसून कच्ची पपई तासत होती. तिने मान वर केली नाही. शेजारी पसरलेल्या मांजरीला म्हणाली, "बघ गं बाई, कोण आलंय. वाट चुकलेली दिसतेय."

"ताई, केळी आणलीत."

"केळी कशाला? रस्सा आणायचास."

लामदुआनने ओठ दाताखाली धरला. "उद्या साहेब येतायत. ह्यांची राहायची मुदत वाढवायची आहे. आम्ही नवरा-बायको एकाच घरात राहतो, असं शेजाऱ्याने सांगावं लागतं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर ह्यांना कदाचित जावं लागेल."

सुरी थांबली. "कुठे? त्या बर्फात?" थोंगबाईने पहिल्यांदाच वर पाहिलं. "येईन मी. पण एक सांगून ठेवते. साहेबांपुढे मी खोटं बोलणार नाही. जे पाहिलंय, ऐकलंय, ते सगळं सांगणार."

त्या 'सगळं'चा विचार करतच लामदुआनने केळी पायरीवर ठेवली आणि घरी परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी राहिली. अधिकारी बाई होत्या, ओराथाई नावाच्या. गणवेशाला कडक इस्त्री, चेहऱ्यालाही. बरोबर कॅमेरावाला शिपाई. त्याने घराच्या नंबराखाली दोघांना उभं केलं, मग सोफ्यावर बसवलं, मग आतल्या खोलीत पलंगावर. तौनो तिथे दात काढायला आल्यासारखा ताठ बसला.

"काका, जवळ सरका ना," शिपाई म्हणाला. "बायको आहे, वाघ नाही."

"तू अजून ओळखत नाहीस तिला," तौनो म्हणाला.

ओराथाईबाईंच्या इस्त्रीला सुरकुती पडली नाही. त्यांनी तौनोला विचारलं, "तुमच्या पत्नीला काय आवडत नाही?"

"शिवत असताना कुणी बोललेलं."

"आणि आवडतं काय?"

तौनोने बराच विचार केला. "शिवून झाल्यावर बोललेलं."

लामदुआनने पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं. मग तिची पाळी आली. नवरा काय जेवतो, असा प्रश्न निघाला तेव्हा ती फुललीच. "वाफवलेला मासा, उकडलेली भाजी. सगळं अळणी! ह्यांना ब्लडप्रेशर आहे ना. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ तोडा. आणि आमची ती आंबवलेली मासळी तर विषासमान. मी बरणीच उचलून बाहेर टाकली. तेव्हापासून थेंब नाही तोंडात."

तेवढ्यात थोंगबाई आली. नातीच्या लग्नासाठी राखून ठेवलेलं रेशमी वस्त्र नेसून, तोंडाला पावडर थापून.

"हे दोघं एकत्र राहतात?" बाईंनी विचारलं.

"राहतात म्हणजे? बाईसाहेब, कोंबडा आरवायच्या आधी हिचं सुरू होतं. अहो, ओला टॉवेल गादीवर टाकला! अहो, पंखा चालूच ठेवला! माझ्या घरात घड्याळ नाही, लागतच नाही."

"आणि ते काय म्हणतात?"

"तो म्हणतो, बरं. आणि दुसऱ्या दिवशी टॉवेल पुन्हा गादीवर."

शिपाई खोकला. ओराथाईबाई लिहीत होत्या. "त्यांना याआधी शेवटचं कधी पाहिलंत?"

"कालच की. रोजच्यासारखा संध्याकाळी कुंपणापाशी आला, वाटी घेऊन."

तौनोने डोळे मिटले.

"कसली वाटी?" हा प्रश्न बाईंचा नव्हता. लामदुआनचा होता.

थोंगबाईचा हात तोंडाकडे गेला. पण खोटं बोलायचं नाही म्हणून ती शब्द देऊन बसली होती. "पपईची कोशिंबीर," ती हळूच म्हणाली. "मासळी घातलेली."

मग सरकार समोर बसलंय याचं भान कुणाला राहिलं नाही. "तरीच!" लामदुआन उभी राहिली. "तरीच उकडलेला दुधी बघून हसू यायचं तुम्हाला! मी इथे वजनकाटा घेऊन मीठ मोजते, आणि हे कासव कुंपणाखालून मान काढून चरतंय! आणि ताई, तुम्ही! माझ्याशी बोलत नाही ते नाहीच, वर माझा नवरा मारायला निघालात?"

"दुआन," तौनो म्हणाला, "वाटी अगदी लहान असते."

"तुम्ही गप्प बसा!"

"मला काय वेड लागलंय?" आता थोंगबाईही उठली. "ब्लडप्रेशरचं मला पहिल्या दिवशीच सांगितलं त्याने. माझी पाण्याची मोटर दुरुस्त करायला आला होता. मी नाही म्हणाले, तर दारात लहान पोरासारखा उभा. मग काय करू? त्याच्या वाटणीची मासळी दोनदा धुते, तिसऱ्यांदा पाण्यात भिजत घालते, आणि वर लिंबू पिळते. मीठ उरतंय कुठे त्यात?"

तौनोने डोळे उघडले. त्याचा चेहरा खरोखर दुखावला होता. "म्हणून इतकं पातळ लागतं?"

"पातळ?" लामदुआन थोंगबाईकडे वळली. "ताई, म्हणजे ते जेवायला देता, की हात धुवायला?"

थोंगबाईच आधी हसली, पावडरीला भेगा पडेपर्यंत. तिचं बघून लामदुआनला आवरेना. शिपाई भिंतीकडे तोंड करून हलत होता. ओराथाईबाईंनी फाइल बंद केली आणि म्हणाल्या, "साक्ष पुरे. असं भांडणारं बनावट जोडपं मी अजून पाहिलेलं नाही."

"बाई," शिपाई म्हणाला, "जेवायची वेळ झालीय."

"आपण कामावर आहोत," बाई म्हणाल्या. पण तोवर थोंगबाई खल आणायला निघाली होती. परसात चटई पडली, चिकट भाताची टोपली आली आणि पपई कुटल्याचा आवाज घुमू लागला. पहिला घास खाल्ल्यावर ओराथाईबाईंनी आपली टोपी काढून बाजूला ठेवली. "माझी आजी असंच कुटायची," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा हात पुढे केला.

तौनोसमोर उकडलेला दुधी होता. तो निमूटपणे खात होता. लामदुआनने जरा वेळ पाहिलं आणि आपल्या ताटातली चिमूटभर कोशिंबीर त्याच्या भातावर ठेवली.

"एवढीच. उद्यापासून मासळी मी धुऊन देईन, तीही आठवड्यातून एकदाच. कुंपण बंद."

"बरं," तौनो म्हणाला.

काही आठवड्यांनी कचेरीतून बोलावणं आलं. शहरात जायचंच आहे, तर मलाही कापड घ्यायचंय, म्हणून थोंगबाई पिकअपमध्ये पुढे चढून बसली आणि वाटभर गाडी कशी चालवावी ते तौनोला सांगत राहिली. खिडकीपलीकडच्या पोरीने पासपोर्टवर शिक्का मारला. लामदुआनने त्यावरची तारीख ओठ हलवत वाचली, मग आणखी एकदा वाचली. वर्ष मिळालं होतं.

कापडाच्या दुकानात दोघींनी वेळ लावला. थोंगबाईला जांभळा रंग हवा होता, लामदुआनला तो तिच्यासाठी फार भडक वाटत होता, आणि मालकीण तागे उलगडून दाखवत थकली होती. शेवटी जांभळाच घेऊन त्या बाहेर आल्या. तौनो झाडाखाली पिकअपच्या मागच्या भागात पाय पसरून झोपला होता. तोंडावर टोपी, छातीवर पासपोर्ट.

लामदुआनने तो अलगद उचलला, पिशवीत आत खोल ठेवला आणि चेन ओढली.

"उठव ना त्याला, ऊन चढलंय," थोंगबाई म्हणाली.

"झोपू दे. मी चालवते. तुम्ही फक्त हळू बोला."

थोंगबाईला हळू बोलता येत नव्हतं. पण गावापर्यंत तौनो काही जागा झाला नाही.