बिनझटक्याची रायफल

दौंडच्या शोएबनं आपल्या दुकानात छर्ऱ्याची रायफल खोलली आणि आतली स्प्रिंग काढून तेलकट फडक्यावर ठेवली. हौसराव स्टुलावरून पुढं वाकून बघत होते. त्यांची लेक सुलक्षणा मागं दाराशी उभी होती, डावा हात ओढणीत गुंडाळून.

“ही स्प्रिंग आन् हा दट्ट्या, दोन्ही जाणार,” शोएब म्हणाला. “त्या जागी हवेची टाकी आन् व्हॉल्व बसवतो. मग ताईंना लिव्हर ओढायला नको. पंपानं टाकी भरून ठेवली की नुसता छर्रा घालायचा आन् चाप दाबायचा.”

“आन् झटका?”

“आजिबात न्हाई. खांद्याला कळणारबी न्हाई.”

हौसरावांचा चेहरा उजळला. शोएबनं मात्र हात पुसत मान हलवली. “पण खरं सांगू का आप्पा? नळी जुनीच राहणार, चापबी जुनाच. ह्यात थोडी भर घातली तर नवी कोरी रायफल येती. जुनीवर एवढा खर्च करणं मला तरी पटत न्हाई.”

“पैशाचं सोडा ओ. नवी घिऊन काय करायची? मेडलं हिच्यावर आलीत.” हौसरावांनी मागं वळून विचारलं, “काय गं सुलू? करायचं ना?”

“करा,” सुलक्षणा म्हणाली.

शोएबनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि स्प्रिंग उचलून खोक्यात टाकली.

हौसराव सोसायटीचे संचालक, कासुर्डीत शब्दाला वजन असलेला माणूस. पण त्यांना माणसं ओळखायची ती ‘रायफलवाल्या सुलूचा बाप’ म्हणून. सुलक्षणानं डिप्लोमा केला आणि शिक्रापूरच्या एका कारखान्यात मालाची क्वालिटी तपासायच्या कामाला लागली. तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी येऊन रायफल हातात घ्यायची. उन्हाळ्यात एक दिवस पत्रा कापायच्या प्रेसवर माणूस कमी होता. सुपरवायझरनं तिला थोडा वेळ उभं राहायला सांगितलं, ती राहिली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. तिसरं राहिलं, पण त्यात जाणीव नाही.

ती रडली नाही. भेटायला येणारी माणसं रडली, आई तानुबाई तर हंबरडा फोडून रडली, आणि सुलक्षणा सगळ्यांना पाणी द्या म्हणत होती. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. तिला ठाऊक होतं, हा खंबीरपणा नव्हे. आत कुणीतरी दिवा मालवून दार ओढून घेतलं होतं. जेवण पुढं आलं की ती जेवायची, झोप म्हटलं की झोपायची.

गणपती गेले आणि रायफल तयार होऊन आली. मागच्या रिकाम्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये दहा मीटरवर तिची निशाणाची जागा होती, ती हौसरावांनी स्वतः झाडून काढली. पंपाची मूठ दोन्ही हातांनी दाबत त्यांनी टाकी भरली. साठीच्या माणसाला ते जड जात होतं. बनियन घामानं अंगाला चिकटलं, पण पंप त्यांनी गड्याच्या हाती दिला नाही.

सुलक्षणानं उजव्या हातानं छर्रा घातला. डाव्या हाताचा तळवा रायफलीखाली बसला. श्वास सोडला, चाप दाबला.

काहीच झालं नाही असं तिला वाटलं. फुस्स आवाज आला आणि समोरच्या कागदावर भोक दिसलं.

पूर्वी असं नव्हतं. स्प्रिंग सुटली की रायफल आधी मागं खांद्यावर यायची, मग पुढं उसळायची. छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत त्या जनावराला धरून ठेवावं लागायचं. धरून ठेवलं तरच नेम तिचा. आता धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं आणखी चार छर्रे मारले. पाचही भोकं एकमेकांना खेटून पडली.

“बघ! बघ गं हिची आई!” हौसराव कागद घेऊन अंगणात पळत गेले. “पैल्यापेक्षा भारी!”

खरंच भारी होतं. रायफल खाली ठेवून ती उगीच आपला खांदा चोळत राहिली.

त्यानंतर रोज सकाळी हौसराव पंप मारायचे आणि ती नेम धरायची. दिवाळीनंतर शिरूरला एका मंगल कार्यालयात स्पर्धा भरली. सुलक्षणा दुसरी आली. तिच्या हाताकडं बघून लोकांनी जरा जास्तच टाळ्या वाजवल्या. निवड झालेल्यांना पुढच्या फेरीसाठी पुण्याला जायचं होतं. हौसरावांनी तिथूनच चार जणांना फोन केले.

परतताना न्हावऱ्याच्या पुढं ते चहाला थांबले. उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून हळूहळू चालले होते. हौसराव बशीत चहा ओतून घेत म्हणाले, “शोएब म्हणत हुता खर्च वाया जाईल. वसूल झाला का न्हाई?”

“आप्पा, मला काहीच वाटलं न्हाई.”

“कशाचं?”

“कशाचंच. मेडल गळ्यात घातलं तवाबी न्हाई.”

“वाटंल की. दमलीस तू.”

“दमले न्हाई.” ती ट्रॅक्टरांकडं बघत बोलत होती. “माझा हात तुम्हाला बदलता येईना, म्हणून तुम्ही रायफल बदलली.”

हौसरावांनी बशी खाली ठेवली. “आगं, तुला इचारूनच केलं ना! दुकानात इचारलं, तू करा म्हणलीस.”

“दवाखान्यात डॉक्टर म्हणले बोटं काढावी लागतील. त्यांनाबी मी करा म्हणले. मला कुणी कायबी इचारलं असतं तरी करा म्हणले असते, आप्पा.”

हौसरावांनी टेबलावरून हात पुढं केला आणि ओढणी बाजूला सारून तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. इतक्या महिन्यांत तो हात त्यांनी नीट पाहिला नव्हता. पट्टी बदलायची असली की बाहेर जाऊन उभे राहायचे.

ते टाक्यांच्या व्रणांवरून अंगठा फिरवत राहिले. “हितं कळतंय?”

“न्हाई.”

“आन् हितं?”

“तिथं थोडं.”

“मला बघवत न्हवतं गं,” हौसराव म्हणाले. “पंप मारताना बरं वाटायचं. कायतरी करतोय असं वाटायचं.”

तिला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. पण हात तिनं काढून घेतला नाही.

दोन दिवसांनी तिनं आयोजकांना स्वतःच फोन लावला आणि पुण्याला येत नाही म्हणून कळवलं. पलीकडच्या माणसानं विचारलं, हातामुळं का? ती म्हणाली, “न्हाई, मला यायचं न्हाई म्हणून.” फोन ठेवून ती बाहेर आली. तानुबाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती आणि हौसराव कट्ट्यावर टेकले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मग रायफलीचं काय करायचं?” हौसरावांनी विचारलं.

“राहू द्या घरात. वाटलं तर मारीन.”

“म्हंजी खर्च पाण्यात गेला म्हणायचा.”

“गेला.”

“गेला तर गेला,” हौसराव म्हणाले.

सुलक्षणा आईशेजारी बसली. तिनं सूप पुढं ओढलं आणि एक शेंग उजव्या हातानं सोलून बघितली. जमेना. मग तिनं ती डाव्या तळव्याखाली दाबून धरली.

“राहू दे गं, मी करते,” तानुबाई म्हणाली.

“नको,” सुलक्षणा म्हणाली, आणि दाणा बाहेर काढला.