रंग आणायला गेलेला साडू

धाकट्या जावयाला सासरी सगळे कवळीकर म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅपा बनवायचा. शेजारच्या दातांचा पिवळेपणा नव्या दातात हुबेहूब उतरवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे नाव ठेवलं थोरल्या जावयाने. तो जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. बोलायला लागला की चार माणसं आपोआप भोवती गोळा व्हायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, हा आपल्याशीच बोलतोय. कवळीकरने उट्टं काढलं आणि त्याला सेनापती म्हणायला लागला.

सासरी दोन जावयांनी एकमेकांची उणीदुणी काढली नाहीत तरी पुष्कळ म्हणायचं. इथे तर दोघांची अशी गट्टी जमली की बायका तोंडात बोटं घालायच्या. त्याला कारण झाला अंगठ्याच्या पेराएवढा एक शिशाचा शिपाई. कवळीकरने लॅबमधल्या जुन्या ब्रशने तो नुसता गंमत म्हणून रंगवला होता. सेनापतीने तो भिंगाखाली धरला आणि उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "अरे, याच्या कोटाची बटणं मोजता येतायत. हा एकटा काय करणार बिचारा? याला पलटण पाहिजे."

पलटण झाली. मग समोर लढायला दुसरी झाली. दोनशे वर्षांपूर्वी एका नदीवरच्या दोन पुलांसाठी झालेली लढाई त्यांनी निवडली. निळे कोट सेनापतीचे, पांढरे कवळीकरचे. रंगवायचं काम मात्र दोन्हीकडचं कवळीकरचंच. सेनापतीने थर्माकोलच्या टेकड्या केल्या आणि नकाशावरून नदीची वळणं काढली. कवळीकरच्या मागच्या खोलीत दोन लाकडी घोड्यांवर एक जुनं दार आडवं टाकून त्यावर सगळा मुलूख मांडला. दर गुरुवारी संध्याकाळी खेळ. टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, कोण पडलं आणि कोण पळालं ते ठरवायचं, आणि मग त्यावरून कडाकडा भांडायचं.

"सवत असावी तर अशी," थोरली बहीण, सेनापतीची बायको, म्हणायची. "शिशाची. जेवायला मागत नाही, तोंड वर करून बोलत नाही."

कवळीकरला जिंकण्याची फारशी हौस नव्हती. त्याचा जीव रंगात. आधी प्रायमर, मग कोटाचा रंग, मग पाण्यासारखा पातळ काळपट हात द्यायचा. तो घड्यांमध्ये जाऊन बसतो आणि कपड्याला जान येते. डोळे अगदी शेवटी, श्वास रोखून. एकदा सेनापती त्याला म्हणाला होता, "तू नसतास तर मी सासरच्या माणसांत कधीच वेडा झालो असतो." कवळीकरला भाऊ नव्हता. ते वाक्य त्याने मनात जपून ठेवलं.

पुढे सेनापतीचे गुरुवार चुकायला लागले. कधी कचेरीत काम, कधी बायकोचं डोकं दुखतंय. "तुझ्या मेहुणीला औषध देऊन झोपवतो, पुढच्या गुरुवारी तुझे पांढरे कापून काढतो," असं फोनवर म्हणायचा. कवळीकरला वाईट वाटायचं, पण रागावण्यासारखं त्यात काय होतं? तो एकटाच दिवा ओढून रंगवत बसायचा. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती, गुरुवारी तिची दुपारपाळी असायची. घर शांत असायचं.

अशाच एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात थोरली मेहुणी, हातात भाजीची पिशवी.

"भाऊजी, जरा यांना हाक मारा ना. दार ओढलं गेलं आणि माझी किल्ली आतच राहिली. फोनही उचलत नाहीत तुमचे सेनापती. लढाई जोरात दिसतेय."

कवळीकरच्या एका हातात ब्रश होता. त्याने विचार केला नाही. पुढे त्याने हजारदा आठवून पाहिलं, पण विचार केल्याचं त्याला काही आठवेना. तो पटकन म्हणाला, "आत्ताच बाहेर पडला, ताई. निळा रंग संपला, तो आणायला गेलाय."

"मग बसते मी."

त्या आल्या आणि मागच्या खोलीत स्टुलावर बसल्या. टेबलावरची लढाई चादरीखाली झाकलेली होती. खुर्ची एकच ओढलेली, चहाचा कपही एकच. निळ्या रंगाची बाटली दिव्याखाली काठोकाठ भरलेली. कवळीकरला ती दिसली आणि त्याचे कान तापले. आता बाटली उचलून लपवणार कशी? त्याने चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. त्यांनी बहिणीच्या दवाखान्यातल्या पाळ्यांबद्दल विचारलं. त्याने काहीतरी उत्तर दिलं. मग तो एका शिपायाच्या पट्ट्यावर पुन्हा पुन्हा तोच पांढरा हात देत राहिला.

बाहेर अंधारून आलं तेव्हा त्या उठल्या. पिशवी उचलली. म्हणाल्या, "दुकान फारच लांब दिसतंय." आणि गेल्या.

कवळीकरने लगेच साडूला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

नंतर सगळं भराभर घडलं. सेनापतीचं एका बाईकडे जाणं-येणं होतं, बऱ्याच काळापासून. कचेरीजवळ तिचं चष्म्यांचं दुकान होतं. गुरुवारच्या नावाखाली तो तिकडे जायचा. घरी सांगायचा, लढाई आहे. इकडे सांगायचा, डोकं दुखतंय. भांडणात कोंडीत सापडल्यावर तो बायकोला म्हणाला, "मी काय चोरून करत होतो का? तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला विचार. त्याला पहिल्यापासून सगळं माहीत आहे."

आणि हे कुणालाही खरंच वाटणार होतं. कवळीकरने तोंडावर खोटं सांगितलं होतं, तेही भरल्या बाटलीसमोर.

बायको पाळीवरून आली ती चपला न काढताच समोर उभी राहिली. "अहो, माझ्या सख्ख्या बहिणीचा संसार मोडत होता आणि तुम्ही इथे बसून त्याला आडोसा देत होतात?"

"मला काही माहीत नव्हतं गं. शपथ घेतो."

"माहीत नव्हतं, तर रंग आणायला कुणाला पाठवलंत?"

त्याच्यापुरतं "तोंडातून निघून गेलं" एवढंच खरं होतं, आणि ते सांगितल्यावर ते आणखीच खोटं वाटायचं.

सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. सासूबाई बोलायच्या, पण दुसऱ्याकडे पाहून. बायको रांधून वाढायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची, आणि दिवा मालवला की भिंतीकडे तोंड करून झोपायची. शेवटी सेनापती त्या बाईबरोबर राहत होता त्या नव्या बिऱ्हाडी कवळीकर गेला.

घर चकचकीत होतं. बैठकीत काचेचं कपाट आणि त्यात निळी पलटण ओळीने उभी केलेली. सेनापतीने ती चादरीखालून गुपचूप कधी नेली ते याला कळलंही नव्हतं. खालून बल्ब लावले होते. ती बाई हसून म्हणाली, "येणारे सगळे आधी हेच बघतात. यांनी किती निगुतीने रंगवलेत, नाही?"

कवळीकरने साडूकडे पाहिलं. साडू पाणी आणायला आत गेला.

नंतर दोघं गॅलरीत उभे राहिले. कवळीकर म्हणाला, "मी फार मागत नाही. एकदाच ताईंना फोन कर. सांग, याला माहीत नव्हतं."

"आता ते कोण मानणार?"

"तू सांगितलंस तर मानतील. तू म्हणालास म्हणून तर पटलं सगळ्यांना."

सेनापती कठड्यावर बोटं वाजवत राहिला. "हे बघ, कोर्टात प्रकरण चाललंय. मी आता म्हणालो की खोटं बोललो होतो, तर वकील माझी सालटी काढेल. आणि खरं सांगू? तू त्या दिवशी मला सांभाळून घेतलंस, मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आपल्या बाजूने कुणीतरी आहे."

"मी तुझ्या बाजूने नव्हतो रे. मला बाजू आहे हेच माहीत नव्हतं."

"तेच ते," सेनापती म्हणाला.

निघताना कवळीकरने विचारलं, खेळतोस का कुणाबरोबर? साडू हसला. त्याचं ते नेहमीचं, समोरच्याला आपलंसं करणारं हसू. "छे. मला त्या खेळाचं तसं वेड नव्हतंच कधी. तू इतक्या हौसेने मांडायचास, मोडवत नव्हतं."

कवळीकर बसमध्ये न बसता चालत घरी आला. वाटेत कितीतरी वेळ तो नुसता आपला अंगठा तर्जनीवर घासत होता. भिंग धरून धरून तिथे घट्टा पडला होता.

त्यानंतर थोरली मेहुणी अधूनमधून धाकट्या बहिणीकडे यायला लागली. ती आली की कवळीकर काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचा. एकदा बायको अंघोळीला गेलेली आणि ताई लवकर आल्या. दोघंच समोरासमोर. त्याने धीर केला.

"ताई, एकदाच ऐका. मला खरंच काही माहीत नव्हतं. त्याने तुमच्यासारखंच मलाही फसवलं."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

त्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"त्याच दिवशी कळलं. तुम्ही घामाने निथळत होतात. माहीत असलेला माणूस इतका घाबरत नाही, त्याची तयारी असते."

"मग तुम्ही हिला का नाही सांगितलंत? घरात सगळ्यांना?"

ताईंनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "ते खोटं बोलायचे ना, तेव्हा आधी थोडे थांबायचे. घसा खाकरायचे. तुम्हाला तेवढंही लागलं नाही, भाऊजी. काय झालंय, कोण चुकलंय, काही माहीत नसताना तुम्ही आधी त्यांना पाठीशी घातलंत. मी दारात उभी होते, किल्ली आत विसरून. माझा तुमच्या मनात विचारसुद्धा आला नाही. त्यांचं मी समजू शकते. त्यांना काहीतरी मिळत होतं."

आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला. ताईंनी चेहरा पुसला आणि बहिणीला हाक मारली, "आटप गं, उशीर होतोय."

दोघी बहिणी बाहेर पडल्या. जाताना बायकोने सांगितलं, जेवण झाकून ठेवलंय. कवळीकर हो म्हणाला. मग मागच्या खोलीत जाऊन त्याने टेबलावरची चादर काढली. पांढऱ्यांना एकेक करून वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलं आणि खोक्यात भरलं. थर्माकोलच्या टेकड्या मोडून कचऱ्याच्या पिशवीत कोंबल्या. आडवं टाकलेलं दार एकट्याला उचलेना, तेव्हा ते तिथेच राहिलं.