बटणांच्या डब्यातली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी गोळ्यांची डबी आहे. निळ्या प्लास्टिकची, वीतभर लांब, सात खणांची. प्रत्येक खणाला वेगळं झाकण आणि झाकणावर वाराचं पहिलं अक्षर. शुक्रवारचं अक्षर आता पुसलं गेलं आहे आणि गुरुवारचं झाकण दोऱ्याने बांधलेलं आहे. तरी मला मोडीत काढू नका. वार मला अजून तोंडपाठ आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून माझ्यासारख्या शेकडो बहिणी टपाटप पडत होत्या. तिथून मी औषधांच्या दुकानात आले आणि दोन महिने काचेमागे नुसती बसून राहिले. रिकाम्या डबीला कोण विचारतो? शेवटी एका बाईंनी मला उचललं, सातही झाकणं उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "हीच द्या."

त्या ग्रंथालयात काम करायच्या. प्रत्येक वस्तू आपल्या जागी असली की त्यांना बरं वाटायचं. त्यांचे सासरे शिवणकाम करायचे; सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांना रक्तदाबाची गोळी चालू होती आणि ती घेतली की नाही यावरून सासऱ्या-सुनेत रोज सकाळी वाद व्हायचा. मी आले आणि वाद मिटला. दर रविवारी सूनबाई मला भरायच्या. "ही आली आणि माझ्यामागची कटकट गेली," असं मास्तर येईल त्याला सांगायचे. शिंप्याच्या घरात राहूनही मला कॉलर नव्हती, नाहीतर ती नक्की ताठ झाली असती.

माझी जागा शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर होती. शेजारी बटणांचा डबा. गोल, पत्र्याचा, कडेने गंजलेला. खरं सांगते, मी त्याला तुच्छ लेखायचे. ना वार, ना खण, सगळा नुसता गोंधळ.

फळीवरून मला मास्तरांचं काम दिसायचं. माप घेताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. कोणी पोट आत ओढून उभं राहिलं की ते टेप खाली सोडत आणि म्हणत, "श्वास सोडा. पोट आत ओढू नका, माप चुकतं. शिंप्यापासून काय लपवायचं?" गिऱ्हाईक ओशाळून हसायचं आणि पोट आपल्या मूळ जागी यायचं.

मग एका वर्षी मास्तर मशीनवरून सारखे उठू लागले. बाही अर्धी शिवून झालेली, सुई कापडात रुतलेली, आणि मास्तर न्हाणीघरात. तिथून लवकर येत नसत आणि आले की चिडचिड करत. कापड आणायला जाताना वाटेत कुठे कुठे आडोसा आहे हे त्यांना पाठ झालं. भाचीच्या लग्नालाही ते गेले नाहीत. सूनबाईंनी विचारलं तर म्हणाले, "प्रवास लांबचा आहे. आणि हल्ली चहा जरा जास्त होतो."

एक दिवस ते चष्मा बदलायला म्हणून गेले आणि जुनाच चष्मा लावून परत आले. खिशात कागदाची पुडी होती. घरात कोणी नाही असं पाहून त्यांनी पुडीतल्या पाकिटातून कॅप्सूल एकेक करून सोडवल्या आणि बटणांच्या डब्यात, कोटाच्या मोठ्या बटणांमध्ये टाकून दिल्या. अर्धी तपकिरी, अर्धी नारिंगी. पटकन बघणाऱ्याला बटणंच वाटली असती.

गोळ्यांचं एकमेकींत काही लपून राहत नाही. त्यांच्यातल्या एकीनेच मला सांगितलं. पुरुषांना मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वय झालं की ती फुगते आणि लघवीची वाट दाबते. ही कॅप्सूल ती वाट सैल करते. त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण मास्तर मशीन पुसता पुसता पुटपुटले, "ही असती तर हिला सांगितलं असतं. सुनेला कसं सांगायचं?" मास्तरीणबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. माझे सात खण अर्धे रिकामे असताना ती औषधं गंजक्या डब्यात!

रोज जेवणानंतर मास्तर "बटण शोधतो" म्हणत आणि डबा उघडत. असे चार महिने गेले.

मग त्यांना सर्दी झाली. नाक वाहत होतं. सूनबाई मला घेऊनच औषधांच्या दुकानात गेल्या. दुकानातली बाई चौकस होती. तिने विचारलं, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? लघवीचा काही त्रास?"

सूनबाईंनी मला काउंटरवर उघडलं. "छे हो, एवढीच. रक्तदाबाची."

त्या बाईने माझ्यात पाहिलं आणि नाक थांबवणाऱ्या, थोडी गुंगी आणणाऱ्या गोळ्या दिल्या. मित्रांनो, माझी सातही झाकणं उघडी होती, आणि तरी मी खोटी साक्ष दिली. त्या नव्या गोळ्याही माझ्यातच भरल्या गेल्या.

मंगळवारी सकाळपासून मास्तरांना लघवीचा एक थेंब झाला नाही. पोट ढोलासारखं ताणलं. "गॅस झालाय," ते म्हणत राहिले. दुपारी मात्र मशीनची कड धरून ते खाली बसले. कपाळावर घाम होता. सूनबाईंनी टॅक्सी बोलावली आणि मला पर्समध्ये टाकलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझी झाकणं पटापट उघडली. गुरुवारचं तेव्हाच तुटलं. "लघवीसाठी काही औषध चालू आहे?"

"नाही, काहीच नाही," सूनबाई म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे मिटले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बटणांच्या डब्यात आहे."

"बाबा, आत्ता बटणं कशाला?"

"कोटाच्या बटणांत बघ. गोळ्या आहेत... लघवीच्या. चार महिने झाले."

डॉक्टरीणबाईंनी नळी घातली. थोड्या वेळाने मास्तरांचा चेहरा सैल पडला आणि ते लहान मुलासारखे रडले. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याला ती सर्दीची गोळी चालत नाही, तिने लघवी अडते, आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडांवर बेतलं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

सूनबाई रागावल्या नाहीत. मला हातात धरून पलंगाशी बसल्या. "बाबा, माप घेताना तुम्ही लोकांना काय सांगता?"

मास्तर चादरीची कड दुमडत म्हणाले, "पोट आत ओढू नका."

"का?"

"माप चुकतं."

"मग आमचंही माप चुकलं, बाबा."

काही दिवसांनी नळी निघाली. जुन्या कॅप्सूल टाकून दिल्या, नवं पाकीट आलं, आणि माझ्या प्रत्येक खणात आता दोन दोन जणी राहतात. सूनबाई नवी डबी आणणार होत्या. मास्तर नको म्हणाले आणि काजे करायच्या जाड दोऱ्याने त्यांनी गुरुवारचं झाकण बांधलं. तुम्हीही घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं एकदा पाहा. आणि विचारताना असं विचारा, की सांगायला त्यांना लाज वाटणार नाही. आम्ही डब्या काय, जे आत ठेवाल तेवढंच दाखवणार.

कॅप्सूल लपवल्या त्या चार महिन्यांत कोणी आलं की मास्तर मला फळीवर मागे सरकवायचे. परवा त्यांचे मित्र, शेजारचे घड्याळजी, चहाला आले, तेव्हा मी टेबलावर उघडीच होते. चहा अर्धा झाला आणि घड्याळजी दुसऱ्यांदा उठून आत गेले. ते परत येईपर्यंत मास्तर थांबले. मग मला त्यांच्यापुढे सरकवून म्हणाले, "ही रक्तदाबाची. ही लघवीची. तू तुझी कुठं लपवलीस?"

घड्याळजी हसायला गेले, पण हसू आलं नाही. दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाले, "दुकानात. भिंतीवरच्या बंद घड्याळात."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. "ऊठ," ते म्हणाले, "चहा राहू दे. आधी वहिनींना सांगून येऊ."