पुदिन्याचा सहावा डबा

नर्सबाई घर बघायला आल्या, तेव्हा आजोबांनी त्यांना कौतुकाने आधी अंगणातला पुदिना दाखवला. बॅटरीच्या, आता बंद पडलेल्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि तिथले रिकामे काळे डबे एकेक करून घरी आणले होते. तडकत नाहीत, गंजत नाहीत. बायकोने त्यांत पुदिना लावला. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आजोबा रोज सकाळी सहाही डब्यांना पाणी घालायचे आणि घरातल्या सगळ्या बातम्या तिला सांगाव्यात तशा पुदिन्याला सांगायचे.

"हे डबे कुठले?"

"कारखान्यातले. मीच आणलेत, फुकट!" आजोबांनी छाती फुगवली. बाईंचा चेहरा बघून फुगलेली छाती आपोआप खाली बसली.

चार वर्षांच्या नातीच्या, चिंगीच्या, रक्तात शिसं निघालं होतं. ते येतंय कुठून, हे शोधायलाच बाई आल्या होत्या. बॅटरीच्या डब्यांत शिसं मुरलेलं असतं, आणि चिंगी तर दिवसभर त्याच डब्यांतली माती कालवायची, जाता-येता पाला तोंडात टाकायची.

"उद्या पालिकेची गाडी येईल, सगळे डबे द्या," बाई म्हणाल्या. "माती ओली करूनच हलवा. घरात झाडू नको, ओलं फडकं फिरवा. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

"बाबा, मी काढते डबे," लेक म्हणाली.

"आणले मी, काढीनही मीच."

पाच डबे भिजवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी फाटकाशी नेले. सहाव्यापाशी हात अडला. एकाने काय होतंय, असं म्हणत त्यांनी तो मागच्या पायरीखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी गाडीचा आवाज आला आणि पाठोपाठ चिंगी धावत आली. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

"आजोबा, आजीचा एक डबा लपून बसलाय! मी शोधला!"

तिला उचलून आजोबांनी नळाखाली धरलं, एकेक नख घासलं. मग डबा ओला करून, गुंडाळून, स्वतः गाडीत ठेवला.

"आजी रागावेल?" चिंगीने विचारलं.

"रागावेल तर! कामाचे कपडे घालून मी दारात आलो, की अंग धुवायला बादली देऊन बाहेरच उभं करायची मला. आज असती, तर डब्याआधी मलाच गाडीत चढवलं असतं."

तीन महिन्यांनी आकडा उतरला. अजून उतरायचा होता, पण उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. बातम्या आता पुसता पुसताच सांगितल्या जायच्या.

"उतरला गं," फडकं पिळत ते हळूच म्हणाले.

"कोपऱ्यात राहिलंय," खाटेवर पाय वर घेऊन बसलेली चिंगी म्हणाली. आवाज थेट आजीचा.

"पुसतो बाई, पुसतो," आजोबा म्हणाले आणि कोपऱ्याकडे सरकले.