मनोऱ्याच्या आधी तळं

"मनोऱ्याच्या आधी तळं कसं काय आलं?" पुढच्या सीटवरचे चष्मेवाले गृहस्थ बायकोच्या कानाशी कुरकुरले. "माझ्या पुस्तकात मनोरा दुसरा आहे, तळं तिसरं. आता खुणा कशा करायच्या मी?"

बायकोने खिडकीतून तोंड न वळवता त्यांना सांगितलं की तळं काही पळून चाललेलं नाही आणि मनोराही नाही, आणि खूण मागेपुढे झाली म्हणून सरकार कुणाला पकडून नेत नाही. तरी गृहस्थांची पेन्सिल हातातच राहिली.

मागच्या सीटवर सूनबाईने कपाळाला हात लावला. तक्रार खरी होती तर. हॉटेलचा मॅनेजर फोनवर बोलला होता ते त्याच्या मनाचं नव्हतं.

धंदा घरचाच. एक बस, एक गाईड, एक ड्रायव्हर. दूरदूरच्या पाहुण्यांना सकाळी हॉटेलातून उचलायचं आणि इथे आल्यावर जे पाहायलाच हवं ते सगळं दिवसभरात दाखवायचं: राजवाडा, घड्याळाचा मनोरा, तळं, जुना पूल आणि शेवटी टेकडीवरचा किल्ला. किल्ला शेवटी अशासाठी की तिथे मावळतीचा फोटो मिळतो, आणि एकदा का तो फोटो मिळाला की दिवसभरातली सगळी कुरकुर पाहुणे विसरून जातात. हा क्रम सूनबाईच्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, तरुणपणी ठरवलेला होता. गाईड तेच. राजवाड्यातल्या धाकट्या राणीचं रुसणं सांगावं तर बाबांनीच. ऐकणाऱ्या बायका आपोआप आपल्या नवऱ्याकडे रागाने बघायला लागायच्या.

आणि ड्रायव्हर मौनी. खरं नाव त्याच्या लायसन्सवर असेल तेवढंच. दिवसाला चार शब्द बोलला तर घसा बसायचा त्याचा, म्हणून मौनी. तोंड बाबांचं आणि हात मौनीचे, अशी ही बस इतकी वर्षं चालली होती.

पण ह्या हंगामात काहीतरी बिनसलं होतं. मॅनेजरने साफ सांगितलं, तुमचा ड्रायव्हर मनाला येईल तिकडे गाडी नेतो, लोकांचं बघून व्हायच्या आत हॉर्न मारून बोलावतो, असंच चाललं तर मी पाहुणे दुसऱ्या बसला देईन. त्या हॉटेलचे पाहुणे गेले तर बस दारात उभी राहून गंजणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नवऱ्याने लगेच निकाल लावला, ड्रायव्हर बदलू. सूनबाईने एक दिवस बसमधून जावं, डोळ्याने बघावं आणि संध्याकाळी मौनीला सांगून टाकावं.

"तुम्हीच का नाही सांगत?" तिने विचारलं होतं.

नवऱ्याला तेवढ्यात एक फोन आठवला. सासूबाई ओट्याशी पातेलं घासत होत्या. पातेलं लख्ख होतं, तरी त्या घासतच राहिल्या. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, मौनीचं हल्ली लक्ष नसतं, परवा मला भलतीकडेच नेऊन सोडलं. म्हणाले तेही रागाने नाही. मित्राच्या जुन्या खोकल्याबद्दल बोलावं तसे.

म्हणून आज ती बसमध्ये होती. आणि सकाळपासून तिचा गोंधळ उडाला होता.

पहिला गोंधळ बस सुटायच्या आधीच. सासूबाई बाबांचं कोपर धरून बसपर्यंत आल्या. गुडघ्यांसाठी तेवढंच चालणं होतं म्हणाल्या. ठीक आहे. पण बाबा सीटवर टेकेपर्यंत त्या खाली उभ्या राहिल्या, मग खिडकीशी जाऊन मौनीला हळूच काही म्हणाल्या आणि मौनीने मान हलवली. सासूबाई आणि मौनी? ह्या दोघांनी एकमेकांशी बोलल्याचं सूनबाईला आठवत नव्हतं.

राजवाडा मात्र झकास पार पडला. बाबा नुसते फुलले होते. धाकटी राणी रुसली, राजाने तिच्यासाठी खिडकी फोडली, सगळं जिथल्या तिथे. सूनबाईला वाटलं, मॅनेजर उगाच कावला असेल.

मग चौक आला. मनोरा उजवीकडे. मौनीने उजवा दिवा लावला, गाडीचं नाक उजवीकडे वळवलंसुद्धा. बाबांनी माईक उचलला आणि म्हणाले, "मंडळी, आता थंड वाटायला लागेल, कारण आपण तळ्याकडे निघालोय." मौनीने उजवा दिवा बंद केला. मागून कुणीतरी शिव्या घातल्यासारखा भोंगा वाजवला. मौनीने शांतपणे डावा दिवा लावला आणि बस डावीकडे वळली.

तळ्याकाठी उतरल्यावर तिने मौनीला गाठलं. मनोरा का सोडला, म्हणून विचारलं. मौनी बाजूचा आरसा पुसायला लागला.

"तिकडे खोदकाम आहे, वहिनी," तो म्हणाला.

नंतर तो मनोऱ्याचा रस्ता तिने पाहिला तेव्हा तिथे खोदलेलं टाचणीएवढंही नव्हतं.

म्हणजे हा खोटं बोलला. का? तळ्याकाठच्या शालवाल्याशी ह्याचं साटंलोटं आहे की काय, असा तिला संशय आला. ती जाऊन शालवाल्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. शालवाला बिचारा पेंगत होता. त्याने तिलाच शाल दाखवायला सुरुवात केली, तेव्हा ती काढता पाय घेऊन परत आली. बाबा तळ्यातल्या बेटाची गोष्ट सांगत होते आणि गोष्ट एकदम चोख होती. चूक होती ती फक्त क्रमाची. आणि क्रम ठरवतं कोण, ड्रायव्हर की गाईड? तिला वाटलं मौनी गाडी वळवतो आणि बाबा बिचारे निभावून नेतात. पण चौकात आधी बोलले होते बाबा. दिवा बंद झाला तो नंतर. की तिनेच उलटं पाहिलं?

जेवणानंतर बस मनोऱ्याकडे निघाली. चष्मेवाल्या गृहस्थांनी पेन्सिल सरसावली. मनोऱ्याचं टोक दिसायला लागलं, मोठं घड्याळ दिसलं, आणि बाबा माईकवर म्हणाले, "हा जो पूल आता येतोय ना, तो बांधणाऱ्याने स्वतः कधी ओलांडलाच नाही."

सगळ्यांनी पुढे पाहिलं. पुढे घड्याळ होतं.

मौनीने पेट्रोल पंपात गाडी घातली. सूनबाईला वाटलं, तेल भरायचं असेल. गाडीने पंपाला एक वळसा घातला, माणसं एका कुशीवर कलंडली, आणि ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडून आल्या रस्त्याने परत निघाली. पंपावरचा माणूस हातात नळी धरून बघतच राहिला. थोड्याच वेळात खिडकीबाहेर पूल आला, कमानी, खाली नदी, सगळं बाबा म्हणत होते तसं.

"आता चौथं," गृहस्थ हताश होऊन म्हणाले. "दुसरं अजून व्हायचंय."

"एवढं पुस्तकाप्रमाणेच बघायचं होतं तर घरी बसून पुस्तकच बघायचं होतं," त्यांची बायको म्हणाली. ती मजेत होती. तिच्या लेखी दिवस उत्तम चालला होता.

सूनबाईचं डोकं भणभणायला लागलं. मौनीला पट्टीचा वेडा म्हणावं, तर इतक्या गर्दीत तो गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी नेत होता. बाबांना विचारावं, तर ते पुलावर उभे राहून पाहुण्यांना हसवत होते, आणि मधेच तिच्याकडे बघून त्यांनी तिला "ताई, जरा पुढे या, मागे काही दिसणार नाही" असं म्हटलं. पाहुण्यांना म्हणतात तसं. ती पुढे गेली. थट्टा असेल, तिने मनाशी म्हटलं. बाबांना थट्टेची हौस होतीच.

मनोरा कसाबसा उरकला आणि बस किल्ल्यावर आली. वरपर्यंत गाडी जात नाही. पायऱ्या चढून जायचं. बाबांनी खांद्याला लावायचा छोटा स्पीकर अडकवला. ह्या स्पीकरचा आवाज खाली गाडीतळापर्यंत पोचतो, आणि तिथे चहावाल्याने राजांची सगळी कुळकथा अशीच फुकटात पाठ केली होती. मौनी खाली थांबला.

तटावर वारा सुटला होता. ऊन पिवळं पडायला लागलं होतं, मोबाईल बाहेर निघाले होते. बाबांनी घसा साफ केला.

"आता जरा जपून उभे राहा, मंडळी," ते म्हणाले. "शेवाळ आहे. आणि ते मधलं बेट बघा. होडीवाल्याला सांगितलं तर तो पार तिथपर्यंत नेतो."

लोकांनी पाहिलं. खाली कोरडी टेकडी, दगड, दूरवर रस्त्यावरची धूळ. एक बाई सभ्यपणे तटावरून वाकून पाणी शोधायला लागली. चष्मेवाल्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं. कुणीतरी हसलं, कारण हा विनोद असणार. मग आणखी दोघं हसले. त्यांच्याबरोबर बाबाही हसले, पण एका क्षणाने उशिरा, आणि हसता हसता त्यांची नजर एकेका तोंडावरून फिरत गेली. गर्दीत सुटलेलं मूल ओळखीचा पदर शोधतं तशी ती नजर होती. सूनबाईवरून ती तशीच पुढे सरकली.

खालून हॉर्न वाजला. लांबलचक.

बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण झरकन उतरला. "चला," ते म्हणाले, "मौनी बोलावतोय."

मावळती अजून झालीच नव्हती. लोक चिडले. गृहस्थ म्हणाले, ह्या ड्रायव्हरची लेखी तक्रार करायला हवी. कुणी ऐकेना, कुणी पायऱ्या उतरेना. आणि त्या गोंगाटात सूनबाई तटाला टेकून उभी राहिली.

मौनी रस्ता चुकत नव्हता. बाबा जे बोलतील तिथे तो गाडी नेत होता, म्हणजे खिडकीबाहेर तेच दिसावं आणि बाबांचं खरं ठरावं. तळं म्हणाले, तळं आणलं. पूल म्हणाले, पूल आणला. आणि गाडी जिथे चढत नाही तिथे तो कान लावून खाली बसायचा आणि बाबा घसरले की हॉर्न मारायचा. शिव्या स्वतः खायच्या, लोकांना रागवायला एक माणूस द्यायचा, म्हणजे बाबांकडे कुणाचं लक्ष जायला नको. सासूबाईंना माहीत होतं. नवऱ्याला ऐन वेळी फोन आठवला होता, म्हणजे त्यालाही माहीतच असणार. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी मिळून तिला पाठवलं होतं, ड्रायव्हर बदलायला.

ती भराभर पायऱ्या उतरून खाली आली. मौनी समोरची काच पुसत होता. आता त्याचे पाय धरावे, निदान माफी तरी मागावी, असं तिच्या मनात होतं. पण ते बोलायचं तर त्याच्या आधी बाबांबद्दलचं एक वाक्य बोलावं लागत होतं, आणि ते तिच्या जिभेवर चढेना. वर लोक होते, बाबा पायऱ्या उतरताना दिसत होते. तिच्या तोंडून निघालं ते सोपं होतं तेच.

"उद्यापासून दुसरा ड्रायव्हर येईल. हॉटेलवाले ऐकत नाहीत आता."

मौनीचा हात काचेवर थांबला. "बरं," तो म्हणाला. फडकं झटकलं, घडी केली. मग त्याने त्याच्या मानाने मोठंच भाषण केलं. "पण वहिनी, नवा माणूस बोलणं ऐकत गाडी चालवणारा बघा."

"रस्त्यावर लक्ष असलेला बघू," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला ओळखू येईना.

मौनीने मान खाली घातली. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने बसचं दार उघडून ठेवलं, पायरी पुसली, पाहुण्यांसाठी.

बाबा तिच्या मागेच उभे होते. केव्हा आले ते तिला कळलं नाही. किती ऐकलं तेही. त्यांनी आधी मौनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, बराच वेळ, जणू दोन माणसं कुठेतरी जुळवून बघत होते. तिला वाटलं आता पुन्हा ताई म्हणतील. पाहुणे मागून येत होते. चष्मेवाले तावातावाने काही बोलत होते. बाबांनी खांद्यावरच्या स्पीकरचं बटण चाचपलं आणि बंद केलं. ज्या आवाजावर त्यांनी सगळा जन्म काढला होता, तो आता जेमतेम तिघांपुरता निघाला.

"सूनबाई, त्याला काढू नकोस," ते म्हणाले. "तो भलतीकडे नेतो म्हणालो ना मी घरी, ते खोटं होतं. कुठे आहे हे मलाच कळत नाही गं हल्ली. आत्ता वर मी लोकांना काय दाखवत होतो, ते मला खरंच माहीत नाही."